गुणवत्ता सिद्ध केली, पुढे काय? मेजर टेलरच्या सायकलीची गोष्ट

आरक्षणावर वाद रंगला की समोरचा एक हुकमी पत्ता टाकतोच. "क्रिकेटमध्ये कुठे आहे आरक्षण? ऑलिंपिकमध्ये कुठे आहे? तिथे फक्त गुणवत्ता चालते. धावा काढा, पदक आणा, कोण अडवतंय तुम्हाला?" आणि आपली शिकलेली, चळवळीत वावरणारी पोरंसुद्धा या ठिकाणी जरा अडखळतात. कारण यात एक गोष्ट खरी असते. स्टॉपवॉचला जात कळत नाही. परीक्षेत पेपर तपासणारा आडनाव बघेल, मुलाखतीत समिती आडनाव विचारेल, पण अंतिम रेषेवरचं घड्याळ आडनाव विचारत नाही.

म्हणून आज आम्ही अशा एका माणसाबद्दल लिहिणार आहोत, ज्याच्या बाजूने हे घड्याळ वर्षानुवर्षं ठाम उभं होतं. त्याच्या देशात त्याच्या बाजूने घड्याळाशिवाय फारसं दुसरं काही नव्हतं. मार्शल टेलर, जगाने ओळखला तो 'मेजर' टेलर म्हणून. जन्म २६ नोव्हेंबर १८७८, अमेरिकेतलं इंडियानापोलिस शहर. १८९९ साली माँट्रियल इथे एक मैलाच्या स्प्रिंटमध्ये जगज्जेता. कृष्णवर्णीय जगज्जेत्यांमध्ये बॉक्सर जॉर्ज डिक्सननंतर याचंच नाव येतं. जॅक जॉन्सन हेवीवेट विजेता झाला त्याच्या नऊ वर्षं आधी आणि जॅकी रॉबिन्सन मोठ्या बेसबॉलमध्ये उतरला त्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधी.

आजच्या वाचकाला सायकल रेस म्हणजे किरकोळ प्रकार वाटेल. तेव्हा तसं नव्हतं. मोटारगाडी अजून लोकांच्या हातात आली नव्हती, सायकल हे त्या काळातलं सगळ्यात वेगवान खाजगी वाहन होतं. शहराशहरात उतरत्या कडांचे लाकडी आणि सिमेंटचे ट्रॅक उभे राहिले होते, तिकीट काढून हजारोंनी लोक यायचे, वर्तमानपत्रं रकाने भरभरून लिहायची. विजेत्याला पैसा होता, प्रतिष्ठा होती. जिथे पैसा आणि प्रतिष्ठा असते तिथे दारावर पहारेकरीही असतो, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

टेलरचे आईवडील केंटकीहून आलेले. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले, नंतर साउथर्ड नावाच्या एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकायचे. त्या घरातल्या मुलाला सवंगडी हवा होता म्हणून लहानग्या मार्शलला तिथेच ठेवून घेतलं. तो त्यांच्यात राहिला, खेळला, शिकला, सायकलही तिथेच मिळाली. पण पोरं मिळून वायएमसीएच्या व्यायामशाळेत गेली की हा बाहेर. आत काळ्यांना प्रवेश नव्हता. आणि ते कुटुंब शिकागोला निघून गेलं त्या दिवशी हा परत आपल्या गरीब घरी. यात साउथर्ड कुटुंब वाईट होतं असं आमचं म्हणणं नाही, बहुधा चांगलंच असावं. पण मर्जीने मिळालेलं मर्जी संपली की संपतं. आपल्याकडे 'आमच्या घरात तर तुमच्या मुलाला घरच्यासारखं वागवतात' असं सांगणारे भेटतात, तेव्हा आम्हाला हा मुलगा आठवतो.

पुढे तो एका सायकलच्या दुकानात कामाला लागला. दुकानासमोर सैनिकी गणवेश घालून कसरती करून दाखवायच्या आणि गिऱ्हाईक जमवायचं, हे काम. त्या गणवेशावरून 'मेजर' हे नाव पडलं. दुकानमालकाने एकदा गंमत म्हणून त्याला दहा मैलांच्या रस्त्यावरच्या शर्यतीत उभं केलं. पोरगा तेरा वर्षांच्या आसपासचा, आणि जिंकला. नंतर लुई मंगर नावाच्या माजी रायडरने त्याला हाताशी घेतलं. हा मंगर गोरा होता, सायकली बनवायचा, आणि या पोराला जगज्जेता करून दाखवीन म्हणायचा.

आता नियमाकडे वळू. अमेरिकेत तेव्हा 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' नावाची सायकलस्वारांची बलाढ्य संघटना होती. चांगल्या रस्त्यांसाठी आंदोलन करणारी, शर्यतींचं नियमन करणारी, स्वतःला पुरोगामी समजणारी. फेब्रुवारी १८९४ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल शहरात तिचं अधिवेशन झालं आणि घटनेत 'गोरा' हा एक शब्द घातला गेला. सभासद फक्त गोरा. गंमत बघा, बंदी सभासदत्वावर होती, शर्यतीत उतरण्यावर नव्हती. म्हणजे काळ्या माणसाने ट्रॅकवर घाम गाळावा, प्रेक्षक खेचावेत, पण ज्या सभेत नियम ठरतात तिथे त्याला खुर्ची नाही.

ठराव पास झाला म्हणजे सगळे गप्प बसले असं मात्र नाही. बोस्टनची किटी नॉक्स ही शिवणकाम करणारी कृष्णवर्णीय तरुणी. ठराव होण्याआधीच ती लीगची सभासद होती. १८९५ साली अॅस्बरी पार्कच्या मेळाव्यात तिला हरकत घेतली गेली, तेव्हा तिने आपलं सभासदत्वाचं कार्ड पुढे केलं. मागच्या तारखेने तिचं सभासदत्व काढता आलं नाही. टेलरची गोष्ट सांगणारे पुष्कळ असतात, किटी नॉक्सचं नाव त्यात क्वचित येतं. हातात कागद असणं म्हणजे काय, हे तिच्याकडून शिकावं.

खेळायला चालतो पण बसायला चालत नाही, हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. टेलरचेच समकालीन. पुण्यात इंग्रज साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करणारे चर्मकार समाजाचे बाळू हिंदूंच्या संघात घेतले गेले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हतं. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घ्यायचे, आणि चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, तेही मोठ्या वादावादीनंतर. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले गेले, तो इतिहास वेगळा आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.) लुइव्हिल आणि पुणे यांच्यामध्ये समुद्र होते, पण पद्धत एकच.

परत टेलरकडे. १८९५ मध्ये इंडियानापोलिस ते मॅथ्यूज अशी ७५ मैलांची रस्त्यावरची शर्यत होती. वाटेत गोऱ्या रायडरांनी त्याला धमक्या दिल्या. मग पाऊस लागला, रस्त्याचा चिखल झाला, एकेक जण गळत गेला. शेवटपर्यंत पोहोचला तो एकटा टेलर.

पुढच्या वर्षी याहून बोलकी घटना घडली. १८९६ चा ऑगस्ट, इंडियानापोलिसचा कॅपिटल सिटी ट्रॅक. मंगरने त्याला गुपचूप आत आणलं. टेलरने एक मैल २ मिनिटं ११ सेकंदांत मारला आणि त्या ट्रॅकचा विक्रम सात सेकंदांनी मोडला. मग एक पंचमांश मैलाचा जागतिक विक्रमही मोडला. घड्याळ हातात धरून माणसं उभी होती, प्रेक्षक ओरडत होते. याचं बक्षीस काय मिळालं? विक्रम अधिकृत धरले नाहीत आणि टेलरला त्या ट्रॅकवर बंदी घातली. हारला असता तर कदाचित पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ दिलं असतं.

आम्ही अभ्यासिकेत मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा इथे कुणीतरी हमखास विचारतं, "पण सर, मग विक्रम मोडून उपयोग काय?" प्रश्न बरोबर आहे. गुणवत्तावादी मंडळी कधीच हा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबात गुणवत्ता दिसली की दार आपोआप उघडतं. भेदभाव म्हणजे गैरसमज, आणि कर्तृत्व दाखवलं की गैरसमज दूर होतो, असा तो हिशेब. कॅपिटल सिटीच्या ट्रॅकवर कुणाचाही गैरसमज नव्हता. सगळ्यांना नीट समजलं होतं. म्हणूनच दार लागलं.

त्याआधीच मंगर त्याला घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरी आला होता. तिथे वायएमसीएने त्याला आत घेतलं. एकाच संस्थेच्या दोन शाखा, दोन नियम. हे वर्ष अमेरिकेच्या इतिहासात आणखी एका कारणाने लक्षात ठेवायचं. मे १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात 'वेगळे पण समान' या तत्त्वाला मान्यता दिली आणि रेल्वेच्या डब्यापासून शाळेपर्यंत रंगभेद कायदेशीर झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, अठरा वर्षांचा टेलर व्यावसायिक म्हणून उतरला. अर्ध्या मैलाच्या शर्यतीत त्याने त्या वेळचा मोठा स्प्रिंटर एडी बॉल्डला हरवलं, आणि मग सहा दिवसांच्या शर्यतीत उतरला. ही शर्यत म्हणजे माणसाचा छळच. जवळजवळ न झोपता सहा दिवस गोल गोल फिरत राहायचं. टेलरने १,७३२ मैल कापले, म्हणजे सुमारे २,८०० किलोमीटर, आणि आठवा आला. त्याचं खरं बळ आखूड अंतरात होतं.

स्प्रिंट शर्यत समजून घेतली तरच त्याच्याविरुद्ध काय चाललं होतं ते कळेल. ट्रॅकवर सुरुवातीला सगळे जपून चालवतात. पुढच्या सायकलीच्या मागे चिकटून राहिलं की वाऱ्याचा मार कमी बसतो, ताकद वाचते. शेवटच्या फेरीत जो योग्य क्षणी बाहेर पडतो आणि झेपावतो तो जिंकतो. म्हणजे ही शर्यत एकट्याची दिसते, पण आजूबाजूचे ठरवतील तर ते एकाला संपवू शकतात. एक पुढे, एक बाजूला, एक मागे. मधल्याला वाटच उरत नाही. टेलरला गोरे रायडर असंच कोंडीत धरायचे. स्पर्धेत एकमेकांचे वैरी, पण हा दिसला की युती. मग त्याने आपली शैली त्यानुसार घडवली. फट दिसली रे दिसली की सुसाट निघायचं, नाहीतर आधीच पुढे राहायचं. समीक्षक त्याच्या या शैलीचं कौतुक करतात. ती शैली हौसेतून आलेली नव्हती, एवढं आम्ही नमूद करतो.

सप्टेंबर १८९७ मध्ये टॉन्टन इथल्या शर्यतीत टेलर दुसरा आला. तिसऱ्या आलेल्या बेकर नावाच्या रायडरने त्याला सायकलवरून खाली ओढलं आणि बेशुद्ध पडेपर्यंत त्याचा गळा आवळला. दंड ५० डॉलर. त्याच वर्षी दक्षिणेकडच्या आयोजकांनी त्याला आपल्या ट्रॅकवर घ्यायला नकार दिला आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या गुणांची मालिका त्याला अर्धवट सोडावी लागली. १८९८ च्या सुरुवातीला सरावासाठी तो जॉर्जियातल्या सव्हाना शहरी गेला, तर तिथून निघून जा अशी धमकीची चिठ्ठी आली.

मग तरीही तो टिकला कसा? इथे भावनेत वाहून न जाता नीट बघायला हवं. मंगरसारखे मित्र होते, काही वर्तमानपत्रं बाजूने लिहीत होती, हे खरं. पण मुख्य कारण गल्ला. टेलर उतरणार म्हटलं की उत्तरेकडच्या शहरांत तिकिटं खपायची, ती प्रेक्षकांत बसलेल्या गोऱ्यांनीच काढलेली असायची. आयोजकाला त्याचा रंग आवडो न आवडो, पैसा आवडत होता. १८९८ मध्ये त्याच्या नावावर सात जागतिक विक्रम झाले, १८९९ मध्ये माँट्रियलचं जगज्जेतेपद, त्याच वर्षअखेर मोटारपेसरच्या मागे एक मैल १ मिनिट १९ सेकंदांत, १९०० मध्ये अमेरिकेचं स्प्रिंट विजेतेपद. बाजाराने त्याला जागा दिली, ही गोष्ट मान्य करावीच लागेल. पण बाजाराने दिलेली जागा म्हणजे हक्क नव्हे. रायडरांची स्वतःची संघटनाही तेव्हा उभी राहिली होती, आणि रविवारच्या शर्यतींवरून टेलर तिच्यातून बाहेर पडल्यावर त्याला कायमचं बाहेर ठेवण्याचे प्रयत्न तिच्याच वर्तुळातून झाले. कामगारांची संघटना होती, पण तिच्यातला कामगार गोरा होता. डाव्या मित्रांशी आमचं जे जुनं भांडण आहे, त्याचं हे एक सायकलवरचं उदाहरण समजा.

१९०० मध्ये वूस्टरमध्ये त्याने चांगल्या वस्तीत घर घेतलं. शेजारच्या गोऱ्यांनी ते परत विकत घेण्याची खटपट केली. जगज्जेता शेजारी नको होता.

युरोपने मात्र त्याला डोक्यावर घेतलं. तो श्रद्धाळू बाप्टिस्ट होता, रविवारी शर्यत करणार नाही हा त्याचा हट्ट, आणि युरोपात तर मोठ्या शर्यती रविवारीच. शेवटी १९०१ मध्ये आयोजकांनीच वार बदलले. पॅरिसच्या पार्क दे प्रँसवर फ्रान्सचा विजेता एदमों जाकलँ याच्याशी दोन सामने झाले. थंडीतला पहिला टेलर हरला. जाकलँने जिंकल्यावर नाकाला अंगठा लावून त्याला वेडावून दाखवलं. दहा-बारा दिवसांनी दुसरा सामना टेलरने जिंकला, आणि कमरेला खोचलेला छोटा अमेरिकन झेंडा काढून तो फडकवत फेरी मारली. हे वाचून आमचे काही मित्र चिडतात. ज्या देशाने गळा आवळला त्याचा झेंडा कशाला? आम्हाला यात चिडण्यासारखं काही दिसत नाही. देश फक्त बेकरचा आहे हे त्याने मान्य केलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. त्या दौऱ्यात त्याने बहुतेक शर्यती जिंकल्या. पुढे ऑस्ट्रेलियाचे दोन दौरे झाले. त्याची मुलगी तिथेच जन्मली, तिच्या नावात सिडनी आहे. पण अमेरिकेतले त्याचे जुने वैरी ऑस्ट्रेलियातल्या ट्रॅकवरही उतरले आणि कोंडीचा तोच खेळ तिथे सुरू झाला. परत आल्यावर माणूस मनाने आणि शरीराने इतका थकला की दोनेक वर्षं सायकलपासून दूर राहिला. १९०७ मध्ये पुन्हा उतरला, पुन्हा काही मोठ्या शर्यती जिंकला, नंतर रविवारचा हट्टही सोडावा लागला. १९१० मध्ये थांबला. वय ३२ च्या आत.

इथे आमच्या मूळ वादाकडे येतो. गुणवत्तावादी म्हणेल, बघा, अडथळे होते तरी जगज्जेता झालाच ना? पैसाही मिळाला. म्हणजे गुणवत्ता जिंकली.

मग टेलरसारखे पुढचे दहा कुठे आहेत? एकाने दार फोडलं तर त्यामागून माणसं यायला हवीत. ती आली नाहीत. याचा उलगडा त्याच काळातल्या घोड्यांच्या शर्यतीत होतो. १८७५ मध्ये पहिली केंटकी डर्बी झाली तेव्हा १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीने तीन वेळा जिंकली. ते गुणवत्तेत कमी पडले म्हणून हटले नाहीत. ते इतके जिंकत होते, आणि त्या जिंकण्यात आता इतका पैसा येऊ लागला होता, की गोऱ्या जॉकींनी त्यांना ट्रॅकवर कुंपणाला दाबायला सुरुवात केली, मालकांनी घोडे द्यायचं थांबवलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत एक अख्खी परंपरा पुसली गेली. पुढच्या पिढीला मग सांगितलं गेलं की घोडेस्वारी हे काळ्यांचं कामच नव्हे.

टेलरचं पुढचं आयुष्यही याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. निवृत्तीनंतर त्याला अभियांत्रिकी शिकायची होती. वूस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेने हायस्कूलचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारला. ज्या वयात गोरी मुलं हायस्कूलला जात होती त्या वयात हा दुकानासमोर गणवेश घालून कसरती करत होता. त्याने धंद्यात पैसे घातले, ते बुडाले. आजारपण आलं, घर गेलं, संसार तुटला. १९२८ मध्ये त्याने स्वखर्चाने आत्मचरित्र छापलं, आणि १९३० च्या सुमारास शिकागोत काळ्यांच्या वायएमसीएमध्ये खोली घेऊन दारोदार ते विकत फिरू लागला.

त्या पुस्तकात त्याने तरुणांना उपदेश केला आहे. दारू पिऊ नका, सिगारेट ओढू नका, खिलाडूवृत्ती सोडू नका. शत्रूंबद्दल मनात कडवटपणा नाही असंही तो सांगतो. एक माणूस म्हणून आम्ही त्याच्यापुढे नतमस्तक आहोत. पण इथे आमचा त्याच्याशी मतभेद आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. चारित्र्याने निष्कलंक राहिलो की समोरच्याचं मन बदलेल, हा विश्वास त्याने आयुष्यभर पाळला, आणि समोरच्याने तो एकदाही पाळला नाही. त्याला साथ द्यायला काळ्या सायकलस्वारांचे क्लब होते. तो स्वतः इंडियानापोलिस आणि वूस्टर दोन्हीकडे अशा क्लबांत होता. पण नियम लिहिणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचेल अशी ताकद त्यांच्याकडे नव्हती. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा टेलर निवृत्त झाला होता. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली. त्यांनी चौकशी केली ती अर्जाची, कारण अर्ज संघटना करते. आपल्या पोस्टमध्ये आपण 'पहिला आयएएस', 'पहिली पायलट' असे फोटो टाकतो, टाकावेतच. पण त्या खात्यातली दुसरी, तिसरी, दहावी व्यक्ती कुठे अडली आहे, बॅकलॉग किती, रोस्टर कोण लिहितो, ही माहिती अधिकारात मागवलेली कागदपत्रंही त्याच भिंतीवर दिसली तर बरं होईल.

२१ जून १९३२ रोजी शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात, धर्मादाय वॉर्डात, मेजर टेलर वारला. वय ५३. माउंट ग्लेनवुड दफनभूमीत गरिबांच्या कोपऱ्यात, नावाचा दगडही नसलेल्या कबरीत त्याला पुरलं. १९४८ मध्ये काही जुन्या रायडरांनी पुढाकार घेतला, श्विन सायकल कंपनीच्या मालकाने पैसे दिले, आणि त्याचे अवशेष चांगल्या जागी हलवून वर फलक लावला गेला. १९८२ मध्ये ज्या इंडियानापोलिसने त्याला ट्रॅकवर बंदी घातली होती, तिथल्याच नव्या व्हेलोड्रोमला त्याचं नाव दिलं. २००८ मध्ये वूस्टरमध्ये स्मारक झालं. आणि १८९४ च्या लुइव्हिल अधिवेशनात घातलेला तो एक शब्द लीगच्या वारसदार संघटनेने औपचारिक ठराव करून रद्द केला, तो १९९९ साली.